हरवलेल्या घड्याळाचा नंबर

घड्याळाच्या पाठीवर दोन नंबर होते. वरचा लष्कराचा, खालचा कारखान्याचा, आणि दोहोंच्या मध्ये तीन रेघांचा छोटा बाण. बाण म्हणजे ब्रिटिश सरकारचा माल, एवढं मला ठाऊक होतं. वडिलांच्या जुन्या पलटणीचं संग्रहालय आहे, त्यांच्या फॉर्मवर मला लष्कराचा नंबर लिहायचा होता आणि खाली साक्षीदार म्हणून सही करायची होती: वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे.

घड्याळ माझ्या आजोबांचं. त्याची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आजोबा इटलीच्या लढाईत सिग्नलचे हवालदार होते. तोफा किती वाजून किती मिनिटांनी सुरू करायच्या, कधी थांबवायच्या, हे निरोप त्यांच्याकडून जायचे. लढाई संपून ते घरी निघाले तेव्हा त्यांच्या गोऱ्या कॅप्टनने स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून आजोबांच्या हातावर बांधलं. वडील पुढे त्याच पलटणीत भरती झाले, सुभेदार होऊन निवृत्त झाले, आणि ही गोष्ट त्यांनी तिथेही कित्येकांना सांगितली. आता ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, गुरुग्रामला आमच्याकडे सतराव्या मजल्यावर राहतात. आपल्या डोळ्यांदेखत घड्याळ संग्रहालयात जावं आणि काचेखालच्या पाटीवर आजोबांचं नाव लागावं, एवढीच त्यांची इच्छा होती. रविवारी अकरा वाजता दिल्ली कँटहून एक अधिकारी ते न्यायला येणार होते.

फॉर्मसोबत जुने कागद जोडायचे होते. म्हणून शनिवारी मी ट्रंकेतून आजोबांचं सैन्यातून सुटल्याचं डिस्चार्ज बुक काढलं. त्याच्या मागच्या खिशात चौपदरी घडी घातलेली एक पातळ चिठ्ठी निघाली, इंग्रजीत टाइप केलेली. आबांना, म्हणजे वडिलांना, मी तिचा अर्थ वाचून दाखवला. हवालदारास कामासाठी दिलेलं मनगटी घड्याळ, नंबर अमुक, नदी ओलांडताना शत्रूच्या माऱ्यात हरवलं आहे, तरी ते नोंदीतून कमी करावं. खाली कॅप्टनची सही.

आबांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी बावीस वर्षं पलटणीचं स्टोअर सांभाळलेलं. 'लढाईत हरवलं' या दोन शब्दांखाली काय काय गावाकडच्या घरात पोचतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. "आमच्या स्टोअरला एकाची तीन कांबळी लढाईत हरवली, आणि लढाई झालीच नव्हती," हा त्यांचा नेहमीचा विनोद. त्या दिवशी त्याची आठवण मी काढली नाही, त्यांनीही नाही.

"घड्याळाचा नंबर वाच," ते म्हणाले.

मी वाचला. शेवटचे दोन आकडे आठ, तीन. चिठ्ठीतले तीन, तीन. बाकी सगळे सारखे.

"म्हणजे वेगळं घड्याळ!" आबांनी मांडीवर थाप मारली. "बघ, अण्णांचं नदीत गेलं, म्हणूनच साहेबानं आपलं दिलं. एकाच पलटणीला एका लॉटमधली घड्याळं मिळायची, नंबर जवळपासचे असणारच. तुला काय वाटलं, तुझा आजोबा चोर?"

"मी कुठे काय म्हटलं?"

"तोंड बघ तुझं. ऑडिटला आल्यासारखं."

हिशेब जुळत होता. लॉटचं म्हणणंही पटण्यासारखं होतं. तरी पाच आकड्यांपैकी चार सारखे आणि एकच वेगळा, हे माझ्या डोक्यातून जाईना.

रविवारी सव्वादहाला मी बाल्कनीत उन्हात फॉर्म भरायला बसलो. आबा आत ब्लेझरला पदकं लावत होते. नंबर उतरवण्याआधी मी भिंग धरलं. खालच्या, कारखान्याच्या नंबरात एक आठ होता. त्याचं वरचं पोट लहान, खालचं मोठं. वरच्या नंबरातल्या आठाची दोन्ही पोटं सारखी होती आणि डावी बाजू जराशी वाकडी. साच्याने ठोकलेल्या आकड्याची एकच बाजू अशी वाकडी येत नाही.

आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते. गावी आजीच्या पाटावर कोयता, विळा, आजोबांची पदकं आणि हे घड्याळ असायचं. लढाईतून आलं म्हणजे तेही शस्त्रच. काचेवर पाणी जाऊ नये म्हणून ते पालथं ठेवायचे. हळदकुंकवाची बोटं दर वर्षी त्याच्या पाठीवर उमटायची, वर झेंडूचं फूल. आजीनंतर आईने केलं, आता माझी बायको करते. नंतर कुणी फार घासून पुसत नाही, देवाचं कुंकू म्हणून.

मी दात कोरायची काडी घेतली आणि त्या आठाच्या डाव्या बाजूला हलकेच फिरवली. काळपट लाल पापुद्रा निघाला. पुन्हा फिरवली. उजवी बाजू खोल आणि स्वच्छ ठोकलेली होती. डावीकडे नुसता एक ओरखडा होता. त्यात कुंकू बसून तो काळा झाला होता आणि आकड्याला जाऊन चिकटला होता. कुंकू गेल्यावर ओरखडा नीट शोधावा लागत होता.

तीन, तीन.

बायको चहा घेऊन आली, माझ्या हातातली काडी बघून थांबली. मी तिला भिंग दिलं. तिने पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं टोकरायला?"

"नंबर नीट लिहायचा होता."

"अच्छा, मग आता आठच लिहा. काल आठच होता ना? यार, त्यांचं वय बघा."

"खाली माझी सही आहे."

"सही, सही! संग्रहालयवाले काय कोर्टात जाणार आहेत?" तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "त्यांना आज सांगू नका. मी हात जोडते."

दहा अठ्ठेचाळीस झाले होते. आठ लिहावा, तर मी बघून खोटं लिहिणार. तीन लिहावा आणि आबांना सांगू नये, तर फॉर्मसोबत ती चिठ्ठी जाणार, आणि उद्या संग्रहालयातला कुणी कारकून दोन्ही शेजारी ठेवून वाचणार. ते आबांना फोनवर कळणार, परक्याकडून. मी घड्याळ आणि भिंग घेऊन आत गेलो.

"आबा, आठ नाहीये. तीन आहे."

त्यांनी हात पुढे केला. खिडकीपाशी जाऊन बराच वेळ पाहिलं. नखाने तो आकडा चाचपला. मग खुर्चीत बसले. पदकं एकमेकांवर वाजली.

इंटरकॉम वाजला. गेटवर साहेब आले होते.

"आबा," बायको पटकन म्हणाली, "मला काय वाटतं, त्या कॅप्टननेच मुद्दाम हरवलं असं लिहून दिलं असेल. सरकारी वस्तू भेट देणार कशी? हाच एक रस्ता होता ना त्याच्यापाशी. सही त्याचीच तर आहे."

"असेलही," आबा म्हणाले. "तसा कागद आहे?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"अण्णा मला म्हणाले होते, साहेबाच्या मनगटावरचं. हे साहेबाच्या मनगटावर कधी नव्हतंच. हे अण्णांच्याच नावावर होतं." मग घड्याळ मांडीवर ठेवून म्हणाले, "त्यांना घे वर."

अधिकारी तिशीचा कॅप्टन होता. दारातच त्याने "राम राम, साहब" म्हणून कडक सलाम केला. आबांनी त्याला बसवलं, चिठ्ठी आणि घड्याळ समोर ठेवलं आणि सगळं चार वाक्यांत सांगितलं. आवाज कुठेही हलला नाही.

कॅप्टनने चिठ्ठी वाचली, घड्याळ उलटं करून पाहिलं. "साहब, इतनी पुरानी बात है. कौन पूछेगा? लिख देते हैं, अफसर ने गिफ्ट दी."

"मैंने बाईस साल स्टोर चलाया है, साहब. जवानों को इसी बात पर सज़ा के लिए पेश किया है."

त्यांनी माझ्या हातातला फॉर्म ओढून घेतला. 'भेट देणार' या रकान्याचं नाव खोडलं आणि वर लिहिलं: जमा करणार. 'वस्तू कशी मिळाली' यापुढे लिहिलं: सरकारी, कामासाठी दिलेली, परत करायची राहिली होती. मग सही केली आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी नंबर भरला आणि सही केली.

"पावती?" आबांनी विचारलं.

कॅप्टन गोंधळला. असा काही नमुना त्याच्याकडे नव्हता. माझ्या प्रिंटरमधला कोरा कागद घेऊन त्याने लिहून दिलं. आबांनी ते वाचून परत केलं. "चालू हालत में, ये भी लिखिए." त्याने लिहिलं. जाताना सलाम केला. या वेळी आबाही उठून उभे राहिले.

दुपारच्या जेवणात भाजी त्यांनी माझ्या बायकोकडून मागून घेतली, माझ्या हातातून नाही.

संध्याकाळी त्यांनी गावी आत्याला फोन लावला. संग्रहालयाचं काय झालं, हे ऐकायला ती सकाळपासून वाट बघत होती. आबांनी सांगायला घेतलं, "साहेब आले होते, सलाम केला..." आणि थांबले. आत्या पलीकडून "हॅलो, हॅलो" करत राहिली.

"आहे मी," आबा म्हणाले. "तू आधी खाली बस. सांगतो."