पंधरा मिनिटं पुढे

सौसरच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवून मी रिटायर झालो आणि बोरगावजवळच्या संत्र्याच्या बागेत राहायला आलो. विहीर एक, बागा दोन: एक दादाची, एक माझी. सकाळी सहा ते दहा पाणी दादाचं, दहा ते दोन माझं. दहा वाजले की दादा पाइपावरचा वॉल फिरवून पाणी माझ्याकडे वळवायचा.

मोटरची केबल चोरीला गेली तेव्हा मी विहिरीवर कॅमेरा बसवला. एकदा रेकॉर्डिंग पाहताना दिसलं, दादा रोज सव्वादहाला वॉल फिरवतो. माझं डोकं फिरलं. मी वहिनीसमोरच विचारलं, "दादा, तुझी पाळी दहापर्यंत ना? मंग सव्वादहापर्यंत पाणी कायले घेऊन राहिला?"

"बरं. ध्यान ठेवीन," दादा एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून कॅमेऱ्यात बरोबर दहाला वॉल फिरू लागला. बोललं की माणूस सुधारतो, असं मी बायकोला ऐकवलंही. मे महिन्यात वहिनी म्हणाली, त्यांच्या बागेतल्या शेवटच्या ओळीपर्यंत पाणी पोचत नाही, फळं गळून राहिली. मला ते टोमणे वाटले.

पुढे मुलीचा लॅपटॉप बिघडला. त्याची तारीख-वेळ चुकली होती म्हणून तिची परीक्षेची साइट उघडेना. तेव्हा मी एक जुना कॉम्प्युटर घरातल्या घड्याळांचा मालक केला. त्याने इंटरनेटवरून खरी वेळ घ्यायची आणि बाकी सगळ्यांनी त्याला विचारून आपापली सुधारायची. लॅपटॉप झाला, प्रिंटर झाला. शेवटी कॅमेऱ्याचा रेकॉर्डर जोडला, आणि त्यातली वेळ पंधरा मिनिटं मागे आली.

रेकॉर्डर घरात लावताना मी त्याची वेळ समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावरून टाकली होती. ते घड्याळ बायको मुद्दाम पंधरा मिनिटं पुढे ठेवते, म्हणजे मुलीची बस चुकत नाही. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे. मलाही होतं.

म्हणजे दादा आधी दहालाच वॉल फिरवत होता. आणि मी बोलल्यापासून पावणेदहाला.

मला लाज वाटली. तसाच चालत त्याच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. "तुझ्याजवळ मोबाइल होता ना दादा. मले वेळ दाखवायची होती."

"दाखवली असती, तरी तू कॅमेऱ्यावरच इस्वास ठेवला असता," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"उद्यापासून दहापर्यंत घे."

"राहू दे. सवय झाली आता."

त्याच्या शेवटच्या ओळीतली झाडं त्या वर्षी रिकामीच राहिली. आता घरातली सगळी घड्याळं सेकंदाला सेकंद जुळतात. दादा अजूनही पावणेदहालाच पाणी माझ्याकडे वळवतो आणि घरी जातो. तो गेला की मी विहिरीवर जातो, वॉल परत त्याच्या बागेकडे फिरवतो आणि दहा वाजेपर्यंत तिथेच उभा राहतो.