पापनाशमला पाठवलेली सायकल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे पुढे तुम्हाला माझी दया येण्याची शक्यता आहे. फार नाही, थोडीशी. माझ्या बायकोला तर तेवढीही आली नाही. घ्या, कॉफी घ्या, गार करू नका.

तर सायकल. ती मला घ्यायला लावली डॉक्टरांनी. रक्तात साखर सापडली. डॉक्टर म्हणाले, "राव, रोज सकाळी सायकल चालवा." ती ठेवायची कुठे, हे काही त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलं नाही. कसं लिहिणार? त्यांचा बंगला नव्या वसाहतीत, पुढे बाग, मागे बाग. आमचं घर इथे तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत. आजोबांचं घर चार भावांत वाटलं गेलं, मग त्या चौघांच्या मुलांत. माझ्या वाट्याला आला एक हॉल, एक स्वयंपाकघर आणि त्या दोघांना जोडणारा एक बोळ. बोळ कसला, त्यातून दोघं समोरासमोर आले तर एकानं मागं जायचं. बहुतेक वेळा मीच जातो.

पुढे ओटा होता. पण रस्ता दरवेळी डांबर घालून उंच होत गेला आणि ओटा बसत गेला. आता तिथे माझी स्कूटर आणि मुलीची स्कूटी नांदतात. तिसरी सवत तिथे मावत नाही.

मी मोठ्या हौसेनं निळी सायकल आणली. राजी, म्हणजे माझी बायको, दारात उभी. शाळेत शिकवते, त्यामुळे दारात उभं राहण्याची तिची पद्धतही परीक्षेच्या हॉलसारखी.

"कोठे ठेवणार हिला?"

"बघू की."

"बघूनच आणायची होती की नाही?"

बघितलं. बोळात ठेवली, तर आमच्या विद्याची ओढणी साखळीत गेली. विद्या कॉलेजात आहे. मराठी सगळं कळतं, पण रागावली की तमिळच येतं. त्या दिवशी पुष्कळ तमिळ आलं. मग फ्रिजशेजारी ठेवली. फ्रिजचं दार वीतभर उघडायचं. दही काढायला हात कोपरापर्यंत घालून चाचपडावं लागे आणि हाताला लागायची चिंच. मग गच्चीवर नेली. आमचा गच्चीचा जिना उभा, लोखंडी. डॉक्टरांनी सांगितलं होतं चालवायला, मी लागलो होतो वजन उचलायला. त्यात माकडांनी सीट कुरतडली. शेवटी दोर लावून हॉलच्या तुळईला टांगली. अगदी अधांतरी! मला वाटलं, काय डोकं आहे आपलं. दुपारी जेवायला बसलो आणि साखळीतलं तेल टपकन माझ्या सांबारात.

राजी उठली. तिनं फक्त ताट उचललं. माझंच.

एवढ्यात नवरात्र आलं. आता तुम्हा तिकडच्या, महाराष्ट्रातल्या लोकांना आमच्या नवरात्राची कल्पना नसेल. आम्ही इथे पिढ्यान् पिढ्या राहिलो, घरात मराठी बोलतो, पण नवरात्रात तमिळ शेजाऱ्यांसारखा कोलू मांडतो. कोलू म्हणजे हॉलमध्ये पायऱ्या रचायच्या, त्यावर पांढरं वेष्टी, म्हणजे धोतर, अंथरायचं आणि बाहुल्या मांडायच्या. रोज संध्याकाळी बायका येणार, गाणी म्हणणार, हळदकुंकू आणि सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, घेऊन जाणार. आणि एकदा मांडला की विजयादशमीपर्यंत कोलूला हात लावायचा नाही. अशुभ. हे नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

"हॉलात सायकल तरी राहील नाही तर कोलू तरी," राजीनं निकाल दिला. "संबूकडे धाडा पापनाशमला. त्याला एवढं मोठं अंगण आहे."

संबू म्हणजे माझा साडू, राजीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पापनाशम त्याचं गाव, इथून बसनं जायचं. भातशेती, अंगण, तब्येत, सगळं मोठं. त्याला सायकल द्यायची? माझी? जेमतेम चालवायला शिकलो होतो हो मी तिला! सकाळी वाऱ्यावर मोठ्या देवळाला वळसा घालायचा, वाटेत उभ्यानं एक कॉफी प्यायची. (बिनसाखरेची. बहुतेक वेळा.) त्या तासात मला कोणी काही विचारत नसे, कोणी काही आणायला सांगत नसे. मला खरंच जिवापाड आवडायची ती सायकल.

दुसऱ्या दिवशी राजी शाळेतून आली. मी म्हणालो, "धाडली."

"खरंच?"

"तर! संबूनं टेम्पोच धाडला होता."

आणि सायकल कुठे होती? तिच्या समोर! कोलूच्या पोटात!

दरवर्षी आमच्या कोलूला पाच पायऱ्या. ट्रंका, बाक, फळ्या रचून राजीच करायची. मी पेपर वाचत बसून सूचना द्यायचो. या वर्षी मी भाड्यानं लोखंडी स्टँड आणला. आत पोकळ. पण पाच पायऱ्यांखाली हँडल मावेना. सातखाली सीट मावेना. आठ चालत नाहीत, पायऱ्या विषमच हव्यात. मग केल्या नऊ! सायकल आत सारली, वेष्टी जमिनीपर्यंत सोडलं, घाम पुसला.

राजी कोलूकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले. "माझ्यासाठी एवढं केलंत?"

मी मान खाली घातली. तिला वाटलं विनय.

आता पुढचं ऐका. पाच पायऱ्यांच्या बाहुल्या नऊ पायऱ्यांना कशा पुरणार? दशावतार झाले, लाकडी राजाराणी झाली, दुकान मांडून बसलेले शेट आणि शेटाणी झाली, आपल्या तंजावूरच्या मान डोलावणाऱ्या बाहुल्या झाल्या. तरी वर चार पायऱ्या मोकळ्या. शेजारच्या मंगळम मामींच्या जास्तीच्या बाहुल्या आल्या. विद्याचं अस्वल आलं. माझ्या कचेरीतली कॅरमची ढाल आली. आणि नऊ पायऱ्यांनी अर्धा हॉल गिळला. सोफा बोळात गेला. टीव्ही पलंगावर गेला. आम्ही तिघं बोळात एका रांगेत बसून जेवायचो, पंगतीसारखे, आणि वाढणारीला रांग ओलांडून जाता येत नसे म्हणून भांडी हातोहात पुढे सरकायची. एक सायकल ठेवायला दोन हात जागा लागली असती. ती लपवायला मी घर घालवलं.

"अप्पा, नऊ पायऱ्या कशाला?" विद्यानं विचारलं.

"भक्ती," मी म्हणालो.

"अय्यो," ती म्हणाली.

गल्लीभर बोभाटा झाला. येणाऱ्या प्रत्येक बाईला राजी सांगायची, "यांनीच बांधला, बरं का! एकट्यानं!" बायका घरी जाऊन आपापल्या नवऱ्यांना बोलायच्या. गल्लीतले पुरुष माझ्याशी बोलेनासे झाले. चहाच्या टपरीवर मी गेलो की बाकावर जागा होईना.

त्यात एका संध्याकाळी मंगळम मामी डोळे मिटून देवीचं गाणं म्हणत होत्या, आणि कोलूतून आवाज आला: ट्रिंग!

आमच्या बोळातली मांजर आत शिरली होती, दुसरं काय. पण मामींनी डोळे उघडले. हात जोडले. "अंबा आली," त्या म्हणाल्या. "माझ्या गाण्याला अंबा आली!"

राजीनं माझ्याकडे पाहिलं. मी आढ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बायका दुप्पट. चढाओढीनं वरच्या पट्टीत गाणी! प्रत्येकीला वाटे, आपल्याला वाजेल. मला सुंडलसाठी हरभरे आणायला तीनतीनदा पिटाळलं. मांजर काही परत आली नाही. मामींचा भाव मात्र जो वाढला, तो अजून उतरलेला नाही.

इथवर सगळं ठीक होतं हो. नवरात्र संपेल, राजी शाळेत जाईल, मी गुपचूप सायकल काढीन, संबूनं परत केली म्हणून सांगीन. बेत पक्का. पण आयुध पूजेच्या, म्हणजे तुमच्या खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी राजी मला हाताला धरून स्वयंपाकघरामागे घेऊन गेली. तिथे तिच्या माहेरचा दगडी रगडा असायचा. लग्नात आणलेला. आता तिथे रगडा नव्हता. स्वच्छ झाडलेली, धुतलेली जागा होती आणि समोर छोटीशी रांगोळी.

"रगडा मामींना देऊन टाकला," ती म्हणाली. "मिक्सर आहे की. तुम्ही माझ्या कोलूसाठी एवढे कष्ट केलेत, मी एवढं नको करू? ही तुमच्या सायकलीची जागा. उद्या आयुध पूजा. आज पापनाशमला जा आणि घेऊन या. आपण तिची पूजा करू."

सांगा आता! तुम्ही असता तर काय केलं असतं? खरं बोलला असता? तुम्ही बोलला असता. तुमचा चेहराच तसा आहे. मला तर रडू यायचं बाकी राहिलं होतं. बाईनं माहेरचा दगड काढून दिला आणि मी तोंडात दुसराच दगड धरून उभा! पण ज्या माणसाला गल्लीत आदर्श नवरा म्हणतात, त्याला खरं बोलणं जड जातं. मी म्हणालो, "सरी, बरं. जाऊन येतो."

राजी चुरमुरे आणि कोहळा आणायला बाजारात गेली. मी धावत कोलूच्या मागे. वेष्टी वर केलं, मागचं चाक धरलं, हळूच ओढलं. पेडल स्टँडच्या सळईत अडकलेलं. जरा जोरात ओढलं. वर काहीतरी खुळखुळलं. पाहतो तर सगळ्या मान डोलावणाऱ्या बाहुल्या एकसाथ माना हलवत होत्या. नको, नको, नको, नको! पाठोपाठ शेटाणी कलली. तिला सावरलं आणि हात जोडून मागे सरलो. उद्या पूजा आणि आज कोलू पडला, तर राजी मला रगड्याच्या जागी पुरेल.

मग मी काय केलं? मी जो उपाय काढला तो ऐकून तुम्हाला सरकारी नोकर कसे निवडतात याबद्दल शंका येईल.

मी त्याच दुकानात गेलो आणि तशीच दुसरी सायकल घेतली. निळी. दुकानदार म्हणाला, "पहिली हरवली का, सार?" मी म्हणालो, "नाही, सापडत नाही असंही नाही." मग गावाबाहेर गेलो, शेताच्या बांधावर नेऊन चाकांना चिखल लावला, सीटवर नखानं माकडासारखे ओरखडे काढले. आणि संबूला फोन केला.

"संबू, राजीनं विचारलं तर माझी सायकल तुझ्याकडे होती म्हण."

"कैसली सायकल, अण्णा?"

"माझी. निळी. तू रोज चालवायचास."

"चालायची कैशी?"

"लोण्यासारखी. आता विचारू नको, म्हण फक्त."

संबू गुणी माणूस. राजीचा फोन गेला, तेव्हा त्यानं नुसतं म्हटलं नाही. शेतावर जायला तीच नेत होतो म्हणाला, तिच्यामुळे गुडघा बरा झाला म्हणाला, ती गेल्यापासून अंगण ओकं वाटतं म्हणाला. मी घामाघूम होऊन दारात पोचलो, तर राजी म्हणते, "बिचारा संबू! त्याच्या मनाला फार लागलं हो."

आयुध पूजा थाटात झाली. विळी, खवणी, विद्याचा लॅपटॉप, दोन्ही स्कूटर, सगळ्यांना गंध आणि कुंकू. रगड्याच्या जागी माझी नवी सायकल, हँडलला झेंडूची माळ. मंगळम मामी आणि चारपाच बायका बघायला आलेल्या. मी सोवळ्यात, हात जोडून. सुटलो असं वाटलं.

राजीनं गंधाची वाटी उचलली आणि निघाली उलट दिशेला. कोलूकडे. खाली बसली. वेष्टी वर केलं. आत हात घालून काहीतरी पुसलं, गंध लावलं, कुंकू लावलं, वर एक फूल ठेवलं आणि घंटी वाजवली. ट्रिंग!

मामींनी पुन्हा हात जोडले. मग वाकून आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"सणाच्या दिवशी एकीला पूजा आणि एकीला नाही, ऐसं करू नये," राजी म्हणाली.

माझे जोडलेले हात सुटले. "तुला... कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. कलश ठेवायला वाकले, तर हँडल पोटात बसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"नऊ पायऱ्या मला कोण बांधून देणार होतं?" तिनं हात पुसले. "म्हटलं, जागा करून देऊ, पापनाशमला धाडू, मग तरी तोंड उघडतील. तुम्ही पाकीट उघडलंत."

विद्या पदरानं तोंड झाकून हसत होती. तिनं पदर कुठून आणला कोण जाणे, अंगावर जीन्स होती. मामींचा होता.

आता प्रश्न असा, जागा एक आणि सायकली दोन. माझ्या मताची वाट कोणी पाहिली नाही. नवी सायकल राजीनं स्वतःकडे ठेवली. शाळा जवळच आहे, ती रोज तिच्यावरच जाते, तब्येत छान झाली आहे, डॉक्टर माझ्यासमोर तिचं कौतुक करतात. आणि जुनी? "संबूला किती लागलं होतं, तुम्हीच ऐकलंत," राजी म्हणाली. "आणि पापनाशमला धाडली म्हणून सांगिटलंत, ते खरं व्हायला नको?" विजयादशमी झाली, कोलू उतरला, आणि या वेळी खरोखरचा टेम्पो आला.

त्यामुळे आता दर रविवारी मी सकाळची बस धरून पापनाशमला जातो. व्यायाम हवा ना! संबू अंगणातून माझी सायकल काढून देतो, कापडानं सीट पुसतो आणि बजावतो, "अण्णा, अर्धाच तास हां. मग मला लागते."