निरगाठ मारून प्ले-ग्रूपला

नातीला शाळेत नाव घालायला नेताना मी तिला जवळजवळ मारलीच होती. प्रवेश मात्र मिळाला.

मी चौथी नापास. बडोद्याजवळ बाजव्याला एका ट्रान्सपोर्टमध्ये एकतीस वर्षं ट्रकवर लोखंडी पाइप बांधले. माझ्या हातचा पाइप रस्त्यात पडला असं एकही ड्रायव्हर सांगणार नाही. (एक सांगायचा, पण तो पिऊन चालवायचा.) बांधणं आमच्या रक्तातच आहे. माझे आजोबा बडोदे सरकारच्या फौजेत तोफा गाड्यावर बांधायचे. लढाई काही झाली नाही, पण तोफाही पडल्या नाहीत.

तेव्हा बडोद्यात नुकतीच सगळ्यांना बालवाडीला प्ले-ग्रूप म्हणायची सवय लागली होती. मुलगा मिलिंद नव्या कंपनीत लागला होता, त्याने हप्त्यावर जुनी पांढरी गाडी घेतली होती. सून हेतल, माहेरची गुजराती. तिचा भाऊ अमेरिकेत. त्याने तीन वर्षांच्या सईसाठी तिकडून गाडीत बसवायची खुर्ची पाठवली. कारसीट म्हणतात. एवढी मोठी खुर्ची मला लग्नातसुद्धा मिळाली नव्हती.

घोटाळा असा झाला की ती खुर्ची गाडीच्या मागच्या पट्ट्याला अडकवायची, आणि आमच्या गाडीला मागे पट्टाच नव्हता. हेतलने अलकापुरीतल्या गॅरेजवाल्याकडे शनिवारी पट्टे बसवून घ्यायचं ठरवलं. शाळेचा इंटरव्ह्यू होता बुधवारी.

"बुधवारी रिक्षाने जाऊ," हेतल म्हणाली.

"एवढीशी खुर्ची बांधायला शनिवारपर्यंत कशाला थांबायचं?" मी म्हणालो.

"आबा, तो पाइप नाहीये."

"म्हणूनच म्हणतो. पाइप जड असतो."

या इंटरव्ह्यूत माझाही जीव अडकला होता, तो का ते सांगतो. शाळेच्या फॉर्मात एक रकाना होता. मुलाला न्यायला कोण येणार, त्याचं नाव आणि फोटो. त्या रकान्यात नाव नसेल त्याच्या हातात मूल देत नाहीत. मिलिंद आणि हेतल दोघं नोकरीला, म्हणजे हा रकाना माझाच. रिटायर झाल्यापासून कुठल्याही कागदावर माझी गरज पडली नव्हती. मी टोपी घालून फोटो काढून आलो होतो. तीन प्रती. एक शाळेला, दोन उगीच.

बुधवारी पहाटे मी गुपचूप खाली गेलो. मागच्या सीटवर कारसीट ठेवली, नायलॉनचा दोर तिच्यावरून घेतला, दोन्ही खिडक्यांतून बाहेर काढला आणि गाडीच्या टपावरून दोन फेरे मारून आवळला. हलवून पाहिलं. खुर्ची हलली नाही, गाडी हलली.

सगळे खाली आल्यावर कळलं की मागची दोन्ही दारं आता उघडत नाहीत. खिडकीतून गेलेल्या दोराने ती टपाला बांधली गेली होती.

"हे काय केलंत?" मिलिंद म्हणाला.

"मजबूत केलं."

"आत कसं जायचं?"

"पुढून. मी जातो ना."

मी पुढच्या दोन सीटांमधून मागे घुसलो. अर्धा घुसलो, उरलेला मिलिंदने ढकलला. रिक्षा एकही थांबेना, दोन तशाच निघून गेल्या, घड्याळात पावणेनऊ. हेतल फुटपाथवर सईला कडेवर घेऊन उभी राहिली. तिचा चेहरा बघून मी समजलो की पटलेलं नाही.

"चल ने, उशीर होतोय," मिलिंद म्हणाला.

तिने सईला पुढून माझ्याकडे दिली. "आबा, फक्त बक्कल लावा. दुसरं काही करायचं नाही."

"बरं."

"सांगा, करणार नाही म्हणून."

"नाही करणार."

बक्कल लावलं. प्लास्टिकचं, लाल बटणाचं. एवढ्याशा प्लास्टिकवर माझी नात सोडायची? दोराचं उरलेलं टोक खिडकीतून आत लोंबत होतंच. हेतल पुढे बसून पाठीमागे न बघता फाइल चाळत होती. मी ते टोक सईच्या छातीवरून घेतलं आणि निरगाठ मारली. वर आणखी एक. सई म्हणाली, "आबा, टोचतंय." मी म्हणालो, "मजबूत आहे म्हणून टोचतंय."

हरणी रोडला शाळेजवळच गॅसचा सिलिंडर लादलेली स्कूटर आडवी आली. मिलिंदने ब्रेक मारला. खुर्ची जागची हलली नाही, हे मी आजही सांगतो. पण बक्कलाचे पट्टे मी आवळलेच नव्हते, खुर्चीतली सई हलली. ती खाली सरकली आणि छातीवरचा दोर वर, हनुवटीखाली गेला.

रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. तोंड उघडलं आणि आवाज आला नाही.

हेतलने मागे पाहिलं. "दोरी? आबा, दोरी कुणी बांधली?"

"थांब, सोडतो."

गाडी शाळेच्या फाटकाशीच उभी राहिली. मी गाठीला हात घातला. ब्रेकच्या झटक्याने ती आवळून दगड झाली होती. मी नखाने ओढतो, दाताने ओढतो, काही नाही. एक गोष्ट मी घरात कुणाला कधी सांगितली नव्हती. नोकरीच्या शेवटच्या वर्षी उजव्या हाताची दोन बोटं पाइपाखाली आली होती. तेव्हापासून त्यांत जीव नाही. बांधता येतं मला, जोर लावायला मनगट पुरतं. सोडता येत नाही. शेवटचं वर्षभर माझ्या गाठी दुसरेच सोडायचे आणि मी बाजूला उभा राहून त्यांना शिव्या द्यायचो.

डाव्या हाताचं बोट मी कसंबसं दोर आणि तिच्या गळ्याच्या मध्ये घातलं. बोट चेचत होतं. त्या फटीतून तिचा श्वास जात होता, शिट्टीसारखा.

"सुरी! कुणाकडे सुरी आहे?" हेतल ओरडली.

आणि मी काय म्हणालो ते लिहितो, कारण लपवून उपयोग नाही. मी म्हणालो, "कापू नका. दोर नवा आहे."

हेतल पुढच्या सीटवरून मागे आली. कशी आली देव जाणे, मी तर ढकलल्याशिवाय आलो नव्हतो. शाळेच्या मोठ्या बाई धावत आल्या, हातात कात्री. प्ले-ग्रूपची कात्री ती. गोल तोंडाची, मुलांचं बोट कापू नये म्हणून बोथट केलेली. तिने कागद कापायचा तर कागदाची परवानगी लागते. शाळेत दुसरी कात्रीच नव्हती, इतकी सुरक्षित शाळा.

हेतलने त्या कात्रीने नायलॉनचा एकेक धागा तोडला. किती वेळ लागला ते मला विचारू नका. मिलिंद बाहेरून टपावरच्या गाठी ओढत होता आणि मला नावं ठेवत होता, ती सगळी बरोबर होती. शेवटचा धागा तुटला आणि सई इतक्या जोरात रडली की आतल्या वर्गातली पोरंही रडायला लागली.

मोठ्या बाई खिडकीतून वाकल्या. "बेटा, तारुं नाम शुं?"

"सई," ती हुंदके देत म्हणाली.

"आ कातरनो कलर कयो?"

"लाल. आबांनी बांधलं."

"बस," बाई म्हणाल्या. "इंटरव्ह्यू थई गयो." मग माझ्याकडे वळल्या. "दादाजी, बाळक छे. पाइप नथी."

मी त्यांना पाइपाबद्दल काही बोललो नव्हतो. चेहऱ्यावर दिसत असावं.

ऑफिसात हेतल फॉर्म भरायला बसली. सईच्या गळ्यावर ओला रुमाल. न्यायला कोण येणार हा रकाना आला. मी खिशातून फोटो काढून टेबलावर ठेवला. हेतलने तो बोटाने परत माझ्याकडे सरकवला आणि तिथे स्वतःचं नाव लिहिलं. दुपारच्या सुट्टीत ऑफिसातून यायची ती, बस बदलून.

आठ दिवस सईच्या गळ्यावर लाल वळ होता. त्या आठ दिवसांत मी ब्रेकला दोष दिला, स्कूटरवाल्याला दिला, अमेरिकेला दिला. नवव्या दिवशी वळ गेला आणि दोष द्यायला माझ्याकडे कुणी उरलं नाही, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन हेतलला उजवा हात दाखवला.

"ही दोन बोटं चालत नाहीत. गाठ मला सोडता येत नाही. तेव्हाही येत नव्हती."

तिने पोळी उलटली. "मग बांधली कशाला?"

"तू नको म्हणालीस म्हणून."

तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "पट्टे बसलेत गाडीला. बक्कल उघडायला एक बोट लागतं. शिकून घ्या." मी शिकलो. सईने शिकवलं. माझा अंगठा धरून लाल बटणावर दाबायची आणि म्हणायची, "आबा, ओढायचं नाही."

रकाना मात्र वर्षभर तसाच राहिला. दुसऱ्या वर्षी सई वरच्या वर्गात गेली, नवा फॉर्म आला, आणि हेतलने न विचारता त्यात माझं नाव लिहिलं. पुढे इंग्रजीत आणखी दोन ओळी लिहिल्या. मला वाटलं, माझी काहीतरी माहिती असेल, एकतीस वर्षांचा अनुभव वगैरे. मी सोसायटीत सांगत फिरलो की फॉर्मात माझ्याबद्दल दोन ओळी जास्तीच्या आहेत.

पहिल्या दिवशी सईला घ्यायला फाटकावर गेलो. शिपाई रमणभाईंनी फॉर्म काढला, माझं तोंड आणि फोटो ताडून पाहिला, आणि त्या दोन ओळी मला वाचून दाखवल्या.

फक्त पायी न्यावे. आजोबांजवळ दोरी नाही याची आधी खात्री करावी.

तेव्हापासून रोज बारा वाजता, सगळ्या आयांच्या देखत, रमणभाई माझे खिसे चाचपतात. मी हात वर करून उभा राहतो.