आत्तीची थोटकं

आमच्या आत्तीचा हात आधी चालायचा आणि तोंड मागून. पाठीत धपाटा बसला की मग कळायचं, आपलं काय चुकलं ते. त्या हातानं तिनं कधी कुणाला कुरवाळलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. ऐन तारुण्यात नवरा गेला, पलूसला धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आली आणि त्यांचा सगळा ऊस अंगावर घेतला. लाड करायला तिला वेळ कुठला?

'थोटूक' हा तिचा लाडका शब्द. झिजलेली केरसुणी म्हणजे थोटूक; तिनं चूल झाडायची आणि आम्हाला बडवायचं. पेन्सिलीचं थोटूक, मेणबत्तीचं थोटूक, वडिलांच्या कानावरचं विडीचं थोटूक. माझा बुटका चुलतभाऊसुद्धा थोटूकच! काही टाकायला निघालं की ओरडायची, "टाकतीस व्हय गं भवाने? आजून थोटूक हाय की त्याचं!"

फक्त उसाच्या रानात थोटूक दिसलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तोडणीवाले घाईत वीतभर बुडखे ठेवून जात. मग आत्ती कोयता घेऊन बसायची आणि एकेक बुडखा जमिनीलगत छाटायची. "वरचं थोटूक राखलं की कोंब त्येच्यावरच फुटतुय. मुळी धरत न्हाई. वारं आलं की आडवा," म्हणायची. त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटून येणारा तिचा खोडवा गावात सगळ्यांपेक्षा जोरकस यायचा.

लग्न होऊन मी कुपवाडला गेले. नवरा वर्कशॉपमधून घरी यायचा तोच हात शिवशिवत. त्यानं माझा दात पाडला तेव्हा मी माहेरी आले. वडील म्हणाले, "बाय, उरलंसुरलं हाय ते सांभाळून घ्यावं." आत्ती कोयता घेऊन उठली. मला घेऊन रानात बुडखे छाटायला गेली.

तिथंच तो आला. केसांना धरून मला सरीतून फरफटत बांधाकडे नेऊ लागला मेला. आत्तीनं कोयता उलटा करून त्याच्या खांद्यात हाणला. त्यानं तो हिसकावला आणि माझ्यावर उगारला. मध्ये आत्तीचा हात आला. दोन बोटं तुटून बुडख्यांत पडली. मी किंचाळले, आत्ती नाही. तिनं दुसऱ्या हातानं दगड उचलून त्याच्या तोंडावर असा घातला की रक्त थुंकत तो पळाला. खोटं कशाला बोलू, ते बघून मला आनंद झाला.

सांगलीच्या दवाखान्यात वडील पुन्हा तेच बोलू लागले. केस नको, मिटवून घेऊ, जावयाला समज देऊ. आत्तीनं पट्टी बांधलेला हात त्यांच्या नाकासमोर धरला.

"वरवर छाटून भागत न्हाई रं आबा. ह्ये बुडातनं काढ. न्हाईतर पोरगी आडवी हुईल."

वडिलांनी तो हात अलगद खाली ठेवला. मग तक्रार द्यायला तेच माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात आले. पुढं फारकत झाली. मी सांगलीत नोकरीला लागले, माझी मी उभी राहिले.

यंदा आत्ती अंथरुणाला खिळली. शेवटी शेवटी मी तिला पेज भरवत होते, तेव्हा तिनं एकदम तो हात उचलला. धपाटा येणार म्हणून सवयीनं मी मान खाली घातली. ती दोन निबर थोटकं माझ्या गालावरून फिरली.

"टोचत्यात का गं?"

"न्हाई," मी म्हटलं.

टोचत होती. मी गाल तसाच ठेवला.