वाघदेवाचं वय

मी जव्हारच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. हे ऐकल्यावर लोक ‘हो का’ म्हणतात आणि पावसाबद्दल बोलायला लागतात, त्यात त्यांचं काही चुकत नाही. आमच्या प्रयोगशाळेत चालू स्थितीतलं एकच चांगलं यंत्र आहे, एक सूक्ष्मदर्शक, आणि त्याला मी कुणाला हात लावू देत नाही. एवढ्या भांडवलावर मी संशोधक झालो कसा, ते सांगतो.

सूर्यमाळकडच्या एका पाड्याचा भगत एका बाजाराच्या दिवशी माझ्याकडे आला. भगत म्हणजे पाड्याच्या देवाचं सगळं बघणारा म्हातारा. माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं तेव्हापासूनचं आमचं गिऱ्हाईक. वयाने वडिलांएवढा, पण आमच्या दुकानात त्याला सगळे ‘तू’ म्हणायचे. मीही दहा वर्षांचा होतो तेव्हापासून म्हणत आलो. त्याचं काम साधं होतं. पाड्याने आपल्या वाघदेवाभोवतीच्या रानावर हक्काचा दावा लावला होता. कायद्यात एक तारीख ठरलेली आहे, तिच्या आधीपासून ते रान तुम्ही वापरताय हे दाखवावं लागतं, आणि जुनं देवस्थान त्याला पुरावा म्हणून चालतं. रान मिळालं नाही तर मोहाची फुलं, पाला, सरपण, ढोरांचं चरणं, सगळं दुसऱ्याच्या मेहेरबानीवर.

“मास्तर, आमचा वाघ्या जुना हाय, असा कागदावं लिवून मिलंल का? तू शिकलेला हायस.”

मी शिकलेला आहे, हे कुणीतरी तोंडावर म्हणालं की माझं डोकं चालेनासं होतं. मी म्हटलं, “बाबा, नुसतं लिहून कशाला, शास्त्रीय पद्धतीने सिद्ध करून देतो.”

त्याच सुमारास एका चर्चासत्रात मला शहरातले एक प्राध्यापक भेटले होते. धर्माचा इतिहास हा त्यांचा विषय. त्यांच्याकडे एक मोठा प्रकल्प होता: धर्मेतिहास आणि भौतिक विज्ञान यांची सांगड. देवळाच्या दगडाला, मूर्तीच्या धातूला, देवाच्या शेंदराला विज्ञान काय म्हणतं ते बघायचं. त्यांना विज्ञान येत नव्हतं आणि मला इतिहास. अशा दोन अडाण्यांची बेरीज झाली की तिला आंतरविद्याशाखीय संशोधन म्हणतात. आम्ही एकमेकांना ‘सर’ म्हणत एकमेकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि एप्रिलात मोखाड्याहून जीप करून सूर्यमाळला निघालो.

वाघदेव म्हणजे एक उभा दगड. त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र आणि सूर्य, आणि सगळ्यावर शेंदराचा जाड थर. आसपास ऐन आणि मोहाची झाडं. पाड्यावर त्या महिन्यात पाणी किती लांबून येतं ते मला ठाऊक होतं, प्राध्यापकांना नव्हतं. भगताच्या सुनेने आमच्यापुढे पाण्याचा हंडा ठेवला. प्राध्यापकांनी त्यातला तांब्या भरून घेऊन हात धुतले, मग आणखी एक तांब्या घेऊन चष्मा धुतला. सून बघत राहिली. मला लाज वाटली, पण मी काही बोललो नाही. पाहुण्या संशोधकाला हंडा म्हणजे काय हे समजावून सांगणं माझ्या विषयात बसत नव्हतं.

मग काम सुरू झालं. प्राध्यापकांनी ध्वनिमुद्रक दगडाच्या पायथ्याशी ठेवला आणि भगताला बोलायला सांगितलं. दुभाषी मी. इथली बोली मला येते, असं मी सगळीकडे मिरवतो. खरं सांगायचं तर मी ती दुकानात शिकलो. लुगडं किती वारी, रंग जाईल का, भाव कमी कर. गिऱ्हाइकाला काय हवंय ते कळलं की दुकानदाराचा कान तिथेच बंद होतो, तशी माझी बोली. भगत दगडाकडे हात करून बराच वेळ बोलत होता. मी मान डोलावत होतो आणि डोळे शेंदराच्या एका सुटत आलेल्या टवक्यावर होते. त्याची परवानगी घेऊन मी नखाएवढा तुकडा काढला. त्या तुकड्याच्या कडेला पट्ट्या दिसत होत्या, आणि त्या दिसल्यावर मला दुसरं काही दिसेना.

कारण दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीला दरवर्षी वाघदेवाला तेलात कालवलेला शेंदूर चढतो, एकदाच, हे मला माहीत होतं. मग वर्षभर धूर, धूळ, पावसाळ्यातला ओलावा. म्हणजे एक नारिंगी पट्टी आणि एक काळी रेघ मिळून एक वर्ष. जव्हारला परत आल्यावर मी तो तुकडा रेझिनमध्ये बसवला, पॉलिश पेपरवर घासून गुळगुळीत केला आणि भिंगाखाली धरला. फार सुंदर दिसत होता. इतकी वर्षं मुलांना लंबकाचा झोका मोजायला लावणाऱ्या माणसाच्या हाती पहिल्यांदाच काहीतरी स्वतःचं मोजायला आलं होतं. मी तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा चौदा थर आले. आजही कुणी मोजले तर चौदाच येतील.

प्राध्यापकांना मी फोनवर आकडा सांगितला. मला वाटलं निराश होतील. पण ते म्हणाले, “सर, हे फार मोठं आहे!” त्यांच्या डोक्यात एक सिद्धांत कित्येक वर्षं पाहुणा म्हणून राहत होता, त्याला बिऱ्हाड मिळालं. सिद्धांत असा की डोंगरातल्या लोकांचे प्राचीन देव बहुतेक अलीकडचेच असतात, हक्क सांगायची वेळ आली की ते प्राचीन होतात. चौदा थर, चौदा वर्षं, झालं सिद्ध. दोन महिन्यांत इंग्रजीत निबंध तयार झाला. त्यात माझं नाव दुसरं होतं. चर्चासत्रात शाल मिळाली, नारळ मिळाला, पडद्यावर वाघदेव भिंतीएवढा मोठा दिसला, आणि दूरदूरचे विद्वान त्याच्याकडे बघून हसले. त्या दगडाजवळ जाऊन हसायची एकाचीही छाती नव्हती. मीही हसलो, हे लपवून उपयोग नाही.

आता माझ्या बुद्धीचा कळस ऐका. निबंध छापून आल्यावर त्याची एक प्रत मी सही करून भगताला दिली. “बाबा, हे घे, तुझा देव पुस्तकात आला.” निबंधात काय लिहिलंय ते मला माहीत होतं. भगत माझ्याकडे कशासाठी आला होता, ते मात्र मी विसरून गेलो होतो. त्याने ती प्रत दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि पाड्याच्या लोकांनी ती मोठ्या विश्वासाने दाव्याच्या फायलीत लावली.

दावा शेरा मारून परत आला. दावेदारांनी स्वतःच सादर केलेल्या शास्त्रीय पुराव्यानुसार देवस्थान चौदा वर्षांचं, म्हणजे ठरलेल्या तारखेच्या अलीकडचं. कचेरीचा यात काय दोष? त्यांनी वाचलं, एवढंच.

भगत शेऱ्याचा कागद घेऊन माझ्या घरी आला. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो ओटीवर बसला आणि म्हणाला, “मास्तर, मी तं तुला तवाच सगला सांगला व्हता.”

“काय सांगितलं होतंस?”

“त्या सायबाचे मशीनमदी हाय. तिकडं आयक.”

पुन्हा सांगायला तो तयार होईना. मी प्राध्यापकांकडून ध्वनिमुद्रण मागवलं. त्यांनी लगेच पाठवलं, सोबत सूचना होती की वापर केल्यास प्रकल्पाचा उल्लेख करावा. रविवारी दुपारी मी ते लावून बसलो.

भगताचा आवाज स्वच्छ होता. “आमचा वाघ्या खोळ टाकतो. शेंदूर लय जाड झाला का एक दिस आपोआप गळं, अख्खा. मंग ती खोळ वाजतगाजत नदीला सोडायची नि नवा शेंदूर लावायचा. माझा नातू झाला त्या साली गळली. त्याचे आधी मी ढोरां राखीत व्हतू तवा गळली. त्याचे आधीची माझे आज्यानं पाह्यली.”

म्हणजे मी मोजलं होतं ते देवाचं वय नव्हतंच. त्याच्या अंगावरचा कपडा किती जुना आहे एवढंच मी मोजलं होतं, आणि कापडाच्या दुकानात वाढलेल्या माणसाला ते कळू नये! थर बिनचूक होते, वर्षं बिनचूक होती, आणि त्यावरचा निष्कर्ष निव्वळ गाढवपणा होता.

पण ध्वनिमुद्रण तिथे संपलं नव्हतं. प्राध्यापकांनी विचारलं, “काय म्हणतायत ते?” आणि त्यानंतर माझा आवाज आला: “काही विशेष नाही, आपल्या नेहमीच्या दंतकथा. चला, जीपवाला थांबायचा नाही.”

स्वतःचा आवाज इतका किळसवाणा असू शकतो हे मला माहीत नव्हतं. त्यात घाई होती, कंटाळा होता, आणि दुकानाच्या गादीवरून बोलल्यासारखा एक सूर होता. तो मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, फक्त इतरांच्या तोंडून.

मी प्राध्यापकांना फोन करून म्हटलं की दुरुस्ती छापू या. ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, “सर, मौखिक परंपरा हा काही पुरावा नव्हे. तुमच्या मोजणीत चूक आहे का? नाही ना? मग?” आयुष्यभर पोथ्या, कथा आणि आख्यायिकांवर जगलेला माणूस मला हे सांगत होता! मी म्हटलं, चूक मोजणीत नाही, आपल्यात आहे. ते म्हणाले, भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका, तुमच्या बढतीच्या अर्जात हा निबंध आहे. ते खरं होतं. दोन दिवस मी त्याच विचारात काढले. भगतासाठी नव्हे, अर्जासाठी, हेही सांगून टाकतो.

तिसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो. भगत आणि पाड्यावरची चार माणसं पहाटेच निघून आली होती. अधिकारी बाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी ध्वनिमुद्रण आधी एकदा ऐकलं, मग भगताला खोळीबद्दल स्वतः विचारलं. त्याने सांगितलं. पाड्यावरच्या दोन म्हाताऱ्यांनीही आपापलं सांगितलं. मग बाई माझ्याकडे वळल्या.

“निबंधाचे एक लेखक तुम्ही. थर देवाचं वय दाखवत नाहीत, असं लेखी देणार?”

“देणार.”

“मग शेरा निघेल आणि दावा पुन्हा पडताळणीला जाईल. पण एक सांगा. यांनी हे तुमच्यासमोर सांगितलं होतं, तुम्हाला भाषा समजते. मग निबंधात का आलं नाही?”

कारणं तशी बरीच होती. जीप, ऊन, तो टवका, प्राध्यापक. ती सगळी तोंडाशी आली आणि सगळी फालतू वाटली. मी म्हटलं, “मला ते महत्त्वाचं वाटलं नाही.”

बाईंनी तसंच लिहायला सांगितलं. कारकुनाने जबाब टाइप केला आणि नियमाप्रमाणे सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचून दाखवला. ‘सदर माहिती भगताने माझ्यासमक्ष सांगितली होती. मला ती महत्त्वाची वाटली नाही.’ मी कुणाकडे न बघता पेन हातात घेतलं, पण हात कागदावर टेकेना.

शेजारी बसलेला भगत माझ्याकडे वाकला.

“आथा वाटतं ना?” त्याने विचारलं.

“वाटतं,” मी म्हटलं.

“मंग कर सही.”