समजाबाईंची वही

बाई वर्गात शिरल्या की आधी काहीतरी वाईट घडायचं. पर्स टेबलावर ठेवायच्या आधीच त्यांचं सुरू व्हायचं. "समजा, पेपर सुरू होऊन दहा मिनिटं झालीत आणि पंखा बंद पडला. हाताचा घाम उत्तरपत्रिकेला लागतोय. काय कराल?" नऊ पोरं एका सुरात ओरडायची, "हाताखाली रुमाल!" "समजा, शेजारच्या मुलाला उलटी झाली." "हात वर करायचा, उठायचं नाही!" "समजा, निकालाच्या यादीत तुमचा नंबरच नाही." इथे मात्र पोरांचा सूर तुटायचा. एखादं पोर खिडकीबाहेर बघायचं. बाई उत्तर येईपर्यंत थांबायच्या आणि ते मिळाल्यावरच हजेरी घ्यायच्या.

पोरांनी त्यांचं नाव समजाबाई ठेवलं होतं. बाईंना ते माहीत होतं आणि त्यांची काही तक्रार नव्हती. भाईंदर पूर्वेच्या गोडदेवातल्या आमच्या मराठी शाळेला इमारतींनी इतकं घेरलंय, की वर्गात बसून शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. त्या गडबडीत रोज सकाळी शाळा भरायच्या आधी दीड तास पाचवीच्या शिष्यवृत्तीचा वर्ग चालायचा. मी नवाच लागलो होतो. मुख्याध्यापकांनी मला बाईंच्या मदतीला दिलं आणि पहिल्याच दिवशी बाईंनी मला नीट न्याहाळून सांगितलं, "सर, तुम्ही फार खुशीत असता. या वर्गाला ते चालत नाही."

मला हसू आलं. पुढे कितीतरी दिवस येत राहिलं. स्टाफरूममध्ये मी त्यांची नक्कलसुद्धा करायचो. "समजा, चहात माशी पडली." बाई शांतपणे चहा प्यायच्या.

शिकवायच्या मात्र अशा, की मी मागच्या बाकावर बसून गणितं पोरांसारखीच नव्याने शिकलो. पण गणितापेक्षा त्यांचा भर एका बोटावर होता. या परीक्षेत उत्तर लिहायचं नसतं. उत्तरपत्रिकेवर प्रत्येक प्रश्नाच्या नंबरासमोर चार गोल असतात, त्यातला बरोबर तो पेनाने काळा करायचा. बाईंचा नियम असा, की उजव्या हातात पेन आणि डाव्या हाताचं पहिलं बोट प्रश्नाच्या नंबरवर. गोल भरून होईपर्यंत ते बोट हलवायचं नाही. पोरं पेपर सोडवत असताना बाई मागून यायच्या आणि कुणाचंही डावं बोट अचानक उचलून बघायच्या. सहज उचललं गेलं तर तो पेपर बाद, पुन्हा पहिल्या प्रश्नापासून. पोरं बोट असं रोवून बसायची, की नखाची टोकं पांढरी पडायची.

त्यांच्याकडे तपकिरी कव्हरची एक दोनशे पानी वही होती. डाव्या पानावर बाईंच्या अक्षरात एक 'समजा' आणि समोरच्या उजव्या पानावर त्यावरचा उपाय. उपाय नेहमी एखाद्या पोराच्या अक्षरात असायचा, चुका होत्या तशाच ठेवून. मी एकदा विचारलं, "बाई, तुम्हीच का नाही लिहीत?" त्या म्हणाल्या, "मी लिहिलं तर ते माझं उत्तर होईल. तिकडे बाकावर मी नसणार."

तिकडे म्हणजे परीक्षा केंद्रावर. केंद्र दुसऱ्या शाळेत असतं आणि आत आम्हा शिक्षकांना सोडत नाहीत. बाई तेवढंच म्हणतायत असं मी धरून चाललो.

एके दिवशी त्यांनी मला फर्मावलं, "उद्या तुम्ही परके सर. कडक सुपरवायझर. पोरांना धारेवर धरा." मी दुसऱ्या दिवशी भुवया चढवून वर्गात गेलो, डस्टर आपटला, आणि पोरं तोंडावर हात धरून हसायला लागली. बाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "सर, खोटं रागावू नका. पोरांना लगेच कळतं. तुम्हाला खोटं जमतच नाही."

हे मला लागलं. दुसऱ्या दिवशी मी खरोखर रागावलो. पहिल्या बाकावर प्राची बसायची, वर्गातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात हळवी पोर. मी तिचा पेपर खसकन ओढला. "हॉलतिकिटावरचा फोटो तुझा नाही वाटत! उभी राहा!" प्राची उभी राहिली. पेपर परत दिल्यावर ती घाईघाईने पुढचे गोल भरायला लागली. वर्ग संपल्यावर बाई तिची उत्तरपत्रिका तपासायला लागल्या आणि मधेच थांबल्या. बत्तिसाव्या प्रश्नाचं उत्तर एकतिसाव्याच्या गोलात होतं, तेहेतिसाव्याचं बत्तिसाव्याच्या. शेवटपर्यंत तसंच. सगळी उत्तरं बरोबर, सगळी एका ओळीने सरकलेली. बाई तिथेच पोरांच्या बाकावर बसल्या.

सकाळी प्राचीची आजी शाळेच्या दारात हजर. मूळची गोडदेवची म्हातारी, आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत. "बाई, माझे पोरीला कशाला घाबरवता? धड जेवत न्हाय ती. ताटावर पन डावा बोट दाबून बसते!" मला वाटलं बाई माफी मागतील. त्या म्हणाल्या, "आजी, तिला इथेच घाबरू द्या. इथे मी आहे." आजी त्यांच्याकडे बघत राहिली. मग काय झालं कोण जाणे, पदराने तोंड पुसून निमूट निघून गेली. तिला जे दिसलं ते मला दिसलं नाही.

त्या दिवशी जिना उतरताना बाईंनी मला ओंकारची गोष्ट सांगितली. बऱ्याच वर्षांपूर्वीचा, त्यांच्या आधीच्या शाळेतला मुलगा. एक प्रश्न अडला म्हणून त्याने तो मागे ठेवला, पण त्यासमोरचे गोल रिकामे ठेवायला विसरला. वेळ संपायला पाच मिनिटं असताना त्याच्या लक्षात आलं, की प्रश्न संपलेत आणि खाली गोलांची एक ओळ उरलीय. "संध्याकाळी त्याने मला उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत दाखवली. एकही उत्तर चुकलेलं नव्हतं हो सर. फक्त सरकलेलं होतं. आणि मी त्याला हे कधी शिकवलंच नव्हतं." नंतर त्याने वर्गात हात वर करणं सोडलं, पुढे शाळाही सोडली. आता मीरा रोड स्टेशनबाहेर रिक्षा चालवतो. "रिक्षा चालवण्यात वाईट काही नाही. पण मला बघितलं की तो हसून म्हणतो, बाई, बसा ना. आणि मी मान खाली घालून दुसऱ्या रांगेत जाते."

"बाई, तो तसाही शाळा सोडणार असेल. एका परीक्षेने काय होतं?"

"समजा, सोडणार नसला तर?"

तेव्हापासून मी त्यांची नक्कल करणं बंद केलं.

जानेवारी लागला आणि बाई फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे द्यायला लागल्या. जिन्यात दोनदा थांबायच्या. भाईंदरला थंडी ती कसली, पण त्या गळ्याला मफलर गुंडाळून यायच्या. डबा उघडायच्या आणि पोरांत वाटून टाकायच्या. आवाज बसत गेला. "समजा" आता कुजबुजल्यासारखं यायचं आणि पोरं ते ऐकायला पुढे वाकायची. मी शहाण्यासारखा सांगायचो, "बाई, गरम पाणी घेत चला." त्या म्हणायच्या, "खडूची धूळ आहे, सर." मग एक दिवस त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. सहज दिल्यासारखी. मी ती खिशात टाकली. काही विचारलं नाही, कारण मला ऐकायचं नव्हतं. याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या सोमवारी त्यांनी पोरांना नवा प्रश्न घातला. "समजा, परीक्षेच्या दिवशी मी आलेच नाही."

"बाई, असं नको ना!" कुणीतरी मागून म्हणालं. पंखा बंद पडला, उलटी झाली, छत कोसळलं, कशालाच पोरं कधी नको म्हणाली नव्हती.

"नको असलं तरी घडतं. चला, मी गेले." आणि त्या खरंच वर्गाबाहेर गेल्या. पोरं पेपर सोडवायला लागली. मध्येच मी पाणी प्यायला बाहेर आलो. बाई पॅसेजमध्ये भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, डोळे मिटलेले, एक तळवा भिंतीवर टेकलेला. पलीकडे त्यांची नऊ पोरं. मी खुर्ची आणायला वळलो तर त्यांनी बोट ओठावर ठेवलं. पूर्ण दीड तास त्या तशाच उभ्या राहिल्या. घंटा झाली, पोरं बाहेर आली आणि त्यांना बघून एकच कल्ला झाला. "बाई भिंतीमागे होत्या! बाई भिंतीमागेच होत्या!"

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात बाईंनी मला रिकाम्या वर्गात बोलावलं. बाकावर दवाखान्याची फाइल होती. "घशात गाठ आहे. परळला ऑपरेशन आहे. तारीख पुढे ढकलत आणली, आता डॉक्टर ऐकत नाहीत." मग एकदम कामाचं बोलायला लागल्या. केंद्र भाईंदर पश्चिमेला आहे, बस अमुक वाजताची धरा, प्रत्येकाकडे दोन काळी पेनं बघून घ्या. "आणि पोरांना सांगू नका. त्यांनी विचारलं तर म्हणा, बाई भिंतीमागे आहेत."

"बाई, मला हे नाही जमणार."

"तुम्ही फक्त हो म्हणा. तेवढं जमेल." त्यांनी तपकिरी वही माझ्याकडे सरकवली. शेवटची दोन पानं स्टेपल करून बंद केलेली होती. "हे निकाल लागल्यावर उघडा. आधी नाही."

ऑपरेशन झालं आणि दोन दिवस बरी बातमी होती. मग काही कळेना. बाईंचा भाऊ फोन उचलत नव्हता.

परीक्षेच्या सकाळी मी नऊ पोरांना बसने केंद्रावर नेलं. त्यांनी वाटेत बाईंचं नावही काढलं नाही. मला वाटलं, पोरं आहेत, बाहेरची दुकानं बघण्यात रमली. पहिला पेपर सुरू झाला आणि गेटबाहेर उभा असताना माझा फोन वाजला. भावाचा मेसेज होता. ताईला रात्रीपासून व्हेंटिलेटरवर ठेवलंय, डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलावून घ्या म्हणून सांगितलंय. मी तो चार वेळा वाचला. शेजारी प्राचीची आजी पिशवी मांडीवर घेऊन कट्ट्यावर बसली होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पिशवीतली पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

मधल्या सुट्टीत पोरं बाहेर आली. मी चेहऱ्यावर हसू आणलं, बिस्किटं वाटली, पाणी दिलं. मनात एकच चाललं होतं, की आता यांना कळलं तर दुसरा पेपर गेला. प्राचीचा तर पहिल्याच पानावर जाईल आणि बाईंनी ज्याची धास्ती घेतली ते नेमकं माझ्यामुळे घडेल. प्राची माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बाकीची आठ तिच्या मागे.

"सर, बाई भिंतीमागे आहेत ना?"

मी म्हणालो, "हो."

तिने क्षणभर माझ्याकडे निरखून बघितलं. मग वळून बाकीच्यांना म्हणाली, "हायेत. चला." आणि सगळी आत गेली.

दुसरा पेपर सुटेपर्यंत मी वेगळ्याच काळजीत होतो. आता ही पोरं भिंतीमागे शोधायला धावतील, तेव्हा मी काय सांगू? पोरं बाहेर आली, दप्तरं घेतली, रांगेत उभी राहिली. भिंतीकडे एकही पोर धावलं नाही. एकाने मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. मला ते जरा खटकलं, पण सुटलो असंच वाटलं. बसमध्ये प्राची माझ्या शेजारी येऊन बसली आणि सगळा रस्ता माझी बाही धरून होती. मला वाटलं, पोर दमली.

तिसऱ्या दिवशी बाई गेल्या.

मी नऊही पोरांच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती घेऊन बसलो आणि प्रत्येक ओळ प्रश्नपत्रिकेशी ताडून बघितली. चुका होत्या, भरपूर होत्या. एकही ओळ सरकलेली नव्हती. निकाल लागला तेव्हा पोरं सहावीत गेली होती. दोघांची नावं शिष्यवृत्तीच्या यादीत आली. प्राचीचं नव्हतं, थोडक्यात हुकलं. बाईंच्या जागी आलेल्या आणि सहावीला शिकवणाऱ्या नव्या मॅडम त्याच दिवशी मला म्हणाल्या, "ती मुलगी सारखा हात वर करते हो. बाकीच्यांना बोलूच देत नाही." मला ओंकार आठवला.

त्या दिवशी मी कपाट उघडून वही काढली आणि स्टेपल सोडवले. डाव्या पानावर बाईंचं अक्षर वेडंवाकडं झालं होतं. 'समजा, बाई परीक्षेला आल्या नाहीत, आणि सर खोटं बोलले.'

उजव्या पानाच्या तळाशी नऊ सह्या होत्या. वरचं अक्षर प्राचीचं होतं.

'सरांना खोटं बोलता येत नाही. ते रडतील. म्हणून त्यांनी काय सांगायच्या आत आपणच विचारायचं, बाई भिंतीमागे आहेत ना? म्हणजे त्यांना नुसतं हो म्हणावं लागेल. मग भिंतीकडे बघायचं नाही. येताना कोणीतरी सरांजवळ बसायचं. आत गेल्यावर बोट हलवायचं नाही.'