कोरड्या डबक्याचे वकील

चिमूटभर माती उचलायची, बोटांत चोळायची, नाकाशी न्यायची आणि म्हणायचं, “थांब यार, हिला बोलू दे.” काका कुठेही असे बसकण मारत. अमेरिकेत, शॉमबर्गला मराठी मंडळाच्या पिकनिकमध्ये त्यांनी काकूंचा भाताचा डाव घेऊन जमीन उकरली होती. त्या दिवशी भात वाटीनं वाढावा लागला.

असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आमचे काका नागपूरचे, मातीची तपासणी करणारे इंजिनिअर. घरचा फोन आला की अमेरिकन साहेबासमोरही खणखणीत “जय भीम” म्हणत. मी त्यांच्या हाताखाली होतो. त्यांच्या गाडीत कायम चिखलाचा वास यायचा आणि मी नाक मुरडलं की ते मुद्दाम काच वर करत.

नव्वदच्या दशकातला एक ऑगस्ट. राखीव पाणथळ जागेच्या कुंपणाला लागून एका बिल्डरला पार्किंग लॉट करायचा होता. मध्ये एक डबकं होतं, तेव्हा कोरडंठाक. ‘ही पाणथळ जमीन नाही’ असा आमचा रिपोर्ट मिळाला की ते बुजवायला तो मोकळा. आमच्या साहेबानं बुटानं जमिनीतली भेग दाखवली. “पाणी कुठाय?”

काकांनी हातभर खणलं. खाली राखाडी माती, तिच्यात गंजाच्या रेघा.

“पाणी इथे महिनोन्‌महिने बसतं, त्याची ही खूण,” ते म्हणाले. “आणि उन्हाळ्यात आटतं, म्हणूनच बेडूक इथे अंडी घालतात. बारमाही पाणी असतं तर मासे आले असते, अंडी खाऊन टाकली असती. बेडूक गेले, तर कुंपणापलीकडच्या बगळ्यांनी काय खायचं?”

त्यांनी तिथेच फॉर्मवर ‘पाणथळ’ लिहून सही ठोकली. साहेबानं नवा कोरा फॉर्म पुढे केला. काकांनी तो घेतलाच नाही.

त्यांचं ग्रीन कार्ड आमच्याच कंपनीच्या अर्जावर अडकलेलं होतं. परतताना गाडीत मी गयावया केली, “काका, एक सही तर आहे. करून टाका ना. मुलीचा तरी विचार करा.”

“तिचाच करतोय. मार्चमध्ये तिला बेडूक ऐकवायला त्याच डबक्यावर आणतो मी. काय सांगू तिला, बाबांनी विकले म्हणून? नाही करत, जा!”

मला त्यांचा भयंकर राग आला. घरी पोचेपर्यंत स्वतःचीच लाज वाटायला लागली.

दोन आठवड्यांत त्यांची नोकरी गेली, पाठोपाठ ग्रीन कार्डचा अर्जही. कायमचं भारतात परतताना विमानतळावर ते रडतील असं मला वाटलं होतं. ते बॅगेच्या वजनावरून काकूंशी भांडत होते. रडलो मी.

पुढच्या सोमवारी त्या डबक्याची फाइल माझ्या टेबलावर आली. वर कोरा फॉर्म, खाली काकांचा, मातीचे ठसे उमटलेला. माझाही ग्रीन कार्डचा अर्ज याच कंपनीकडे होता. साहेब दारात उभा राहून वाट बघत होता.

मी कोरा फॉर्म बाजूला काढला आणि काकांच्या सहीखाली माझी सही केली.